उपवासी मासा



लेकीच्या बाळंतपणासाठी मी स्कॉटलंडला, ॲबर्डीनला गेले होते, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. परत येऊन वर्ष होत आले. तिकडचे काहीतरी लिहा, असे किती जणींनी सांगितले. बर्फाबद्दल लिहावे, तिकडच्या बाजारात बिनकांद्याचे काय मिळते ते लिहावे, असे मनात होते. पण लिहायला बसले की एकच दिवस आठवतो, आणि तो दिवस मासेमारीचा आहे. शब्द वाचून पान बंद करू नका. आधी शेवटपर्यंत वाचा, मग हवे तर रागवा.

आमचे जावईबापू तेल कंपनीत आहेत. दोन-तीन आठवडे समुद्रातल्या फलाटावर, मग तितकेच दिवस घरी. डिसेंबरात लेकीला दिवसांच्या आधीच कळा सुरू झाल्या. रात्रीचे दोन वाजलेले, बाहेर बर्फ, जावई समुद्रात. माझे इंग्रजी भाजी घेण्यापुरते. तेव्हा शेजारचे आजोबा धावून आले. सत्तरीचा एकटा माणूस, पण फावड्याने बर्फ बाजूला करून गाडी काढली आणि लेकीला दवाखान्यात पोहोचवले. सकाळी नात झाल्याचा फोन त्यांनीच केला. असा उपकार फेडायचा म्हटला तरी फिटत नाही.

जानेवारीत एक दिवस माझा दहा वर्षांचा नातू उड्या मारत आला. "आज्जी, १ फेब्रुवारीला डी नदीचा मोसम उघडतो! आजोबा मला सॅमन धरायला नेणार आहेत!"

लेक बाळाला पाजत होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "आई, त्यांना नाही म्हणवत नाही, आणि ह्याला हो म्हणवत नाही. तूच काय ते बघ."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पाठशाळेत आपण हिंसेचे चार प्रकार शिकलो. चूल पेटवताना, केर काढताना होते ती आरंभी. शेती-धंद्यात होते ती उद्योगी. स्वतःच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. या तिन्हींतून गृहस्थ पूर्ण सुटत नाही. पण ठरवून केलेली संकल्पी हिंसा? ती तर श्रावकाने पहिल्याच पायरीवर सोडायची. आणि हे तर पोटासाठीही नाही, हौसेसाठी! पण ज्याने माझ्या लेकीला त्या रात्री सांभाळले त्याला "तुमचे काम पाप आहे" असे नातवाच्या तोंडून सांगायचे? सकाळी मी लेकीला म्हणाले, "मीही जाते बरोबर. पोरगा काठीला हात लावणार नाही, एवढी अट." लेक हसली. "आई, तू? मासे धरायला?" मग तिचे डोळे भरून आले. मला वाटते माझेही.

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार. जावई घरी आले होते, म्हणून बाळ-बाळंतिणीची काळजी नव्हती. पहाटे उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ बांधून घेतला. पहाट म्हणायची आपली सवय, तिकडे फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. रात्रीभोजनत्याग पाळणे म्हणजे चार वाजता जेवून घेणे! लेक म्हणते, हिवाळ्यात पाळायला घाई होते आणि उन्हाळ्यात अगदी सोपे, रात्री दहापर्यंत उजेड असतो.

डी नदी केर्नगॉर्म पर्वतात उगम पावते आणि सुमारे १४० किलोमीटर वाहून ॲबर्डीनला समुद्राला मिळते. इंग्लंडच्या राजघराण्याचा बालमोरल वाडा हिच्याच काठी आहे. आम्ही बँकरी गावाच्या वरच्या अंगाला गेलो. गवत दवाने गोठून पांढरे झालेले, बुटाखाली कुरकुर वाजत होते. पाणी मात्र काळसर चहासारखे, तळाचे गोटे दिसावेत इतके स्वच्छ.

आजोबांनी छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवली आणि पंधरा फुटी काठी जोडली. ही काठी दोन्ही हातांनी धरायची असते. ते कमरेइतक्या पाण्यात उतरले. एका हातात आधाराची काठी, कारण गोटे शेवाळाने निसरडे. नातू काठावर माझ्याजवळ उभा राहून सगळे मराठीत सांगत होता.

गळाला किडा-अळी लावतात, असे मला वाटत होते. तसे नव्हते. त्याला ते फ्लाय म्हणतात, म्हणजे माशी. पण ती कुठल्याच माशीसारखी दिसत नाही. पितळेच्या छोट्या नळीला काळे, पिवळे, नारिंगी केस बांधलेले, त्यामागे गळ. गळाच्या टोकाला उलटा काटा नव्हता. तो असला की सोडवताना मांस फाटते, म्हणून आजोबांनी तो आधीच दाबून टाकला होता. पूर्वी या फ्लाय देशोदेशीच्या पक्ष्यांच्या पिसांनी बांधत. त्यांच्या वडिलांच्या जुन्या डबीतली एक त्यांनी मला दाखवली. तिच्यावर मीना केल्यासारखी चकाकती पिवळट टिकली. ते आपल्याकडच्या राखी रानकोंबड्याच्या मानेचे पीस! राधानगरीच्या जंगलात पहाटे आरवतो ना, तोच. एके काळी ही पिसे भारतातून विलायतेला जात. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पक्षी संरक्षित आहे. एवढ्या लांबच्या नदीवर आपल्या सह्याद्रीतले पीस बघून मी गप्पच झाले.

दोरी मागे न नेता पाण्यावरच वेटोळे करून ते समोर फेकत. फ्लाय नदीच्या मध्यापलीकडे पडे आणि प्रवाहाबरोबर हळूहळू आपल्या काठाकडे येई. मग दोन पावले पुढे, पुन्हा फेक. माळेचे मणी ओढावेत तसे. काठीच्या कड्यांत पाणी गोठून बर्फ होई, तेव्हा काठी नदीत बुडवून तो विरघळवायचा. पाण्याचे तापमान तीन अंश होते. एवढ्या गारठ्यात मासा सुस्तावतो, तळाशी बसून राहतो, कशाच्या मागे धावत नाही. म्हणून हिवाळ्यात बुडणारी दोरी आणि जड पितळी नळी, ती अगदी त्याच्या नाकासमोरून संथ जायला हवी. उन्हाळ्यात तीच फ्लाय बारीक आणि हलकी, पाण्याच्या वरच्या थरात.

मी नातवाला म्हटले, "विचार त्यांना, एवढ्या थंडीत हे मासे खातात काय?"

आजोबांनी उत्तर दिले आणि नातू माझ्याकडे बघून थांबला. "आज्जी, काहीच नाही. ते उपवास करतात."

मैत्रिणींनो, हे मला नव्याने कळले. सॅमनचा जन्म या नदीच्या वरच्या ओढ्यांत होतो. दोन-तीन वर्षांनी वीतभरही न झालेले पिल्लू समुद्रात जाते, काही तर पार ग्रीनलंडपर्यंत. तिथे खाऊन-पिऊन मोठे होतात आणि आपल्या जन्माच्या नदीचा वास ओळखून परत येतात. गोड्या पाण्यात शिरले की खाणे बंद. अंडी घालायची नोव्हेंबर-डिसेंबरात, आणि जे फेब्रुवारीत नदीत शिरतात ते तोपर्यंत अंगातल्या चरबीवर राहतात. नऊ-दहा महिने! आपण वर्षीतप करणाऱ्यांचे पारणे सोहळ्याने करतो, आणि इथे एक मुका जीव पाण्याच्या तळाशी बसून हे करतो.

"मग भूक नाही तर गळाला तोंड का लावतो?" मी विचारले.

आजोबा हसले. म्हणाले, कोणी म्हणतात राग येतो, नाकासमोरून काहीतरी वळवळत गेले की मासा चिडून झडप घालतो. कोणी म्हणतात लहानपणची खायची सवय उसळून येते. कोणी म्हणतात नुसते कुतूहल.

पाठशाळेत पाच इंद्रियांची पाच उदाहरणे शिकवतात. हत्ती स्पर्शाने फसतो, भुंगा वासाने, पतंग रूपाने, हरीण नादाने आणि मासा जिभेने. मी ते चाळीस वर्षे मुलांना सांगत आले. या माशाने तर जीभ जिंकली होती आणि तरी तो फसतो, रागाने नाहीतर सवयीने. मला माझे दशलक्षण आठवले. काही वर्षांपूर्वी दहा दिवसांचे उपवास धरले होते. चौथ्या दिवशी सुनेने पूजेचे ताट पुसायचे राहिले म्हणून मी तिला सगळ्यांदेखत असे बोलले की ती देवघरातच रडली. पोटाचा उपवास चालू होता. नाकासमोरून रंगीत काहीतरी गेले, मी झडप घातली.

अकराच्या सुमाराला दोरी ताठ झाली. काठी वाकली. आजोबा काही न बोलता उभे होते, नातू ओरडत होता. माझ्या पोटात खड्डा पडला. चार-पाच मिनिटांत त्यांनी मासा जाळीत घेतला, पण पाण्याबाहेर काढला नाही. हातभर लांब, चंदेरी, पण डोके मोठे आणि अंग एकदम बारीक, जणू हाडांवर कातडे.

"आज्जी, ही केल्ट आहे," नातू सांगू लागला. "म्हणजे हिने अंडी घातली आहेत. आता ती परत समुद्रात चालली आहे. खूप थकली आहे. बहुतेक सॅमन अंडी घातल्यावर मरतात. ही वाचली."

ती बाळंतीण होती. घरी माझी लेक सव्वा महिन्याची बाळंतीण, मी तिला डिंकाचे लाडू करून घालत होते, पाठ शेकत होते, थंड पाण्याला हात लावू देत नव्हते. आणि इथे ही, कित्येक महिने न खाल्लेली, तीन अंशाच्या पाण्यात, जबड्यात गळ.

आजोबांनी गळ एका झटक्यात काढला. मग खिशातून फोन काढून माझ्याकडे दिला आणि फोटो काढायची खूण केली. माझे हात शालीतच राहिले. कृत, कारित, अनुमोदना: स्वतः करणे, करवणे आणि केलेल्याला मान हलवणे, तिन्हींचे माप एकच, हे आपण लहानपणापासून ऐकतो. नातवाने फोनकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि तोही हलला नाही. आजोबांना समजले असावे. त्यांनी फोन परत खिशात ठेवला. दोन्ही हातांनी तिला प्रवाहाकडे तोंड करून धरले, तिच्या कल्ल्यांतून पाणी जाऊ दिले. मिनिटभराने तिने शेपटी हलवली आणि गेली.

दुपारी काठावर बसून दशम्या खाल्ल्या. आजोबांना गूळ फार आवडला. मग त्यांनी सरळच विचारले, "तुम्हाला हे आवडले नाही ना?"

मी नातवाला म्हटले, मी बोलते तसेच सांग, गोड करू नको. मी म्हणाले, "तुम्ही मारत नाही, हे फार चांगले. पण ती थकलेली होती. तुमच्या आनंदासाठी तिला ओढ सोसावी लागली. आमच्या धर्मात याला हिंसाच म्हणतात."

ते बराच वेळ नदीकडे बघत राहिले. मग म्हणाले, खरे आहे. तिला त्रास होतो, ते मी नाकारत नाही. मग त्यांनी त्यांची बाजू सांगितली. १ एप्रिलच्या आधी धरलेला सॅमन स्कॉटलंडमध्ये कुठेही मारायचा नाही, असा कायदा आहे, आणि केल्ट तर कधीच नाही. डी नदीवर लोक वर्षभर सगळेच मासे सोडतात. रविवारी सॅमनला गळ टाकायला देशभर बंदी आहे. तरीही सॅमन कमी होत चालला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमधला सॅमन धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत गेला. समुद्र तापतो आहे, उन्हाळ्यात ओढे तापतात, जागोजागी बंधाऱ्यांचे अडथळे. "आम्ही या पाण्यात उभे असतो म्हणून ते आम्हाला दिसते," ते म्हणाले. "आम्ही घरी बसलो तर नदीकडे बघणार कोण?"

मला हे पूर्ण पटले नाही. बघण्यासाठी गळ कशाला हवा? पण खोडून काढायला शब्दही सापडले नाहीत.

उठताना त्यांनी काठावरचा एक रिकामा शिंपला उचलून दाखवला. काळा, लांबट, आतून मोत्यासारखा चकचकीत. हे गोड्या पाण्यातले मोत्याचे शिंपले शंभर वर्षांवर जगतात आणि पाणी गाळून स्वच्छ ठेवतात. त्यांची सुईच्या टोकाएवढी पिल्ले सॅमन आणि ट्राउटच्या पोरांच्या कल्ल्यांना चिकटून काही महिने काढतात, मग वाळूत उतरतात. मासा नसेल तर शिंपला नाही. एका मोत्यासाठी लोकांनी शेकडो शिंपले फोडले. १९९८ पासून त्यांना मारणे, काढणे, त्रास देणे गुन्हा आहे. एवढे सांगून त्यांनी शिंपला होता तिथे ठेवला आणि सहज म्हणाले, "माझ्या आजीकडेही होते असे." त्यांचे बोट माझ्या कानाकडे होते.

माझ्या कानात मोत्यांच्या कुड्या होत्या. सासूबाईंनी लग्नात घातलेल्या. ते मोती त्या नदीचे नव्हेत, हे मला माहीत आहे. पण शिंपला तो शिंपला. सकाळपासून मी मनातल्या मनात त्या माणसाला संकल्पी हिंसेच्या रकान्यात बसवत होते, आणि माझ्या दोन्ही कानांत शोभेसाठी मेलेला जीव लटकत होता. नातवाने वाक्य मराठीत सांगितले आणि तोही माझ्या कानांकडे बघत राहिला. पोरांना काही शिकवायचे तर हे असे होते, आपलाच कान धरला जातो.

येताना गाडीत मागच्या सीटवर तो माझ्या कानाशी पुटपुटला, "आज्जी, आजोबा वाईट आहेत का?"

"नाही रे सोन्या. त्यांनी तुझ्या आईला त्या रात्री नेले. माणूस चांगला आहे. त्यांचे हे एक काम आपल्याला पटत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात."

"आणि तुझ्या कुड्या?"

"त्याही मला पटत नाहीत आता."

घरी येऊन त्या मी काढून डबीत ठेवल्या. पुन्हा घातल्या नाहीत. खोटे बोलत नाही, पैठणी अजून कपाटात आहे. तिच्याबद्दल अजून ठरत नाही. परत आल्यावर सुनेला सगळे सांगितले, आणि त्या पूजेच्या ताटाबद्दलही बोलले. ती म्हणाली, "आई, ते मी केव्हाच विसरले." विसरली नव्हती, चेहऱ्यावरून कळले. पण बरे झाले बोलले ते.

नातवाने स्वतःच तोड काढली. आजोबांकडे एक वही आहे. नदीवर गेले की ते पाण्याचे तापमान, पाण्याची उंची, दिसलेले मासे तिच्यात लिहितात. आता तापमान मोजायचे आणि लिहायचे काम नातवाचे. गळाला तो हात लावत नाही, आणि आजोबांनी पुन्हा कधी आग्रह केला नाही. मार्चमध्ये वरच्या एका ओढ्यावर झाडे लावायला गेलो, कारण सावली असली तर उन्हाळ्यात पाणी कमी तापते. रोवन, विलो, बर्च. मीही चार रोपे लावली. खड्डा जपून खणत होते तर आजोबांनी विचारले, काय शोधताय? नातू म्हणाला, "ती गांडुळांना बाजूला करते आहे." तेव्हापासून तेही तसेच करू लागले.

नातवाला मी एकदा सांगितले होते की रविवारची बंदी म्हणजे आपल्या अष्टमी-चतुर्दशीसारखे. आपण त्या दिवशी हिरवी भाजी चिरत नाही, ते त्या दिवशी मासा धरत नाहीत. एखाद्या दिवशी का होईना, हात आवरायचा.

या वर्षी १ फेब्रुवारी रविवारीच आली. संध्याकाळी मी दिवा लावत होते, तेवढ्यात त्याचा फोन आला. "आज्जी, आज मोसम उघडला नाही, उद्या उघडणार. मी आणि आजोबा नुसते तापमान घ्यायला गेलो होतो. साडेतीन अंश."

"नदीवर कोणी होते का?"

"कोणीच नाही. आज माशांची चतुर्दशी आहे."

जय जिनेंद्र.